घोडीचं माप, लेकीचं माप

इंग्लंडात मी वॉल्सॉलजवळ राहते. हे गाव खोगिरांचं. इथल्या फुटबॉल क्लबलाही लोक ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीर बनवणारे, असंच म्हणतात. लेक घोडेस्वारी शिकते म्हणून तबेल्यात जाणं-येणं असतं. परवा तिथे खोगिराचं माप घ्यायला बाई येणार होत्या. नागपूरला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, “काहून वं, घोड्यालेबी शिंपी लागते का?”

लागतो. आणि तो पुष्कळ वेळ घेतो.

बाईंनी खोगिराला आधी हातच लावला नाही. घोडीला सपाट जागी उभं केलं, खांद्याच्या पात्याची मागची कड बोटांनी चाचपली आणि खडूनं खूण केली. घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा हे पातं वरून मागे सरकतं. खोगीर त्यावर आलं की पावलागणिक टोचणी. दुसरी खूण शेवटच्या बरगडीची. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. त्यांच्या मागे कमरेला बरगड्यांचा आधार नाही, म्हणून वजन तिथे जाऊ द्यायचं नाही. या दोन खुणांमधली जागा काय ती खोगिराची. मग वाकवू तशी राहणारी पट्टी पाठीवर दाबून तो आकार कागदावर उतरवला, खाली तारीख घातली.

खोगीर ठेवलं ते खाली कापड न घालता. बाईंनी खोगिराच्या तळाला असलेल्या गादीखालून तळहात सरकवला: पुढे घट्ट, मागे घट्ट, मध्ये पोकळ. म्हणजे सगळा भार दोन टोकांवर. असा दाब बरेच दिवस राहिला की त्या जागी पांढरे केस उगवतात, आणि ते बहुधा जन्मभर तसेच राहतात. मला आमच्याकडची खांदशेकणी आठवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात, कारण वर्षभर जू तिथेच घासलेलं असतं.

मग लेकीची पाळी. आईचा सल्ला तयारच होता, “वाढत्या अंगाचं घे.” फ्रॉकला ठीक आहे, इथे नाही. सीट मोठी असली की पोरगी मागे घसरते, पाय पुढे जातात, तोल राखायला ती लगाम ओढते आणि सगळं वजन घोडीच्या पाठीच्या मागच्या भागावर पडतं. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत हवी. सीटच्या इंचांइतकीच मांडीची लांबी महत्त्वाची. गुडघा खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या पाळीबाहेर गेला तर सीट बरोबर असूनही बसणं चुकतंच. घोडीला बसलेलं पण स्वाराला न बसणारं खोगीर शेवटी घोडीलाच छळतं, हे मला तिथे पटलं. चाल, दुडकी, दौड, दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय बाईंनी होकार दिला नाही. गादीतली लोकर चिरेतून सळईनं सारखी केली, थोडी नवी भरली. ही लोकर दबते, आणि वसंतातल्या गवतावर घोडी फुगते, त्यामुळे काही महिन्यांनी बाई पुन्हा येणार. बिल मात्र आईला सांगितलेलं नाही.

नागपुरात कुणी घोडा ठेवत असेल तर मे महिन्यात एक सोपी तपासणी करता येते. खोगीर उतरवल्यावर घाम बघा. ओल्या पाठीत मध्येच कोरडा चट्टा दिसला तर तिथे एक तर फार दाब आहे, नाहीतर खोगीर टेकतच नाही. बोटांनी दाबा, घोडा अंग चोरतो का, त्यावरून अंदाज येतो.