प्रश्नोत्तराच्या तासासाठी कोल्हापूरहून दिल्लीला

कोल्हापूरहून थेट दिल्लीला जाणारी निजामुद्दीन एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच सुटते. तिचे वेळापत्रक आणि संसदेच्या हिवाळी अधिवेशनाचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवणे हेच या प्रवासातले पहिले काम होते. सोबत होते आमचे शेजारी, ज्यांना सगळी गल्ली नुसते वकीलसाहेब म्हणते, आणि शिरोळ तालुक्यात ऊस करणारा माझा मावसभाऊ. ताजमहाल आणि लाल किल्ला कोणाच्याही मनात नव्हता. लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीत बसून मंत्री प्रश्नांना उत्तरे कशी देतात ते पाहायचे, एवढ्यासाठीच आम्ही निघालो होतो, आणि हे कारण ऐकून डब्यातल्या बहुतेकांनी आमच्याकडे थोड्या संशयानेच पाहिले.

मिरज सुटल्यावर धपाटे आणि शेंगांची चटणी बाहेर निघाली, आणि तिच्या पाठोपाठ वकीलसाहेबांची फाईल. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून इथल्या वकिलांनी काही दशके आंदोलन केले, त्यात ते सुरुवातीपासून होते. या मागणीवर आणि देशातल्या अशाच इतर मागण्यांवर विधी मंत्र्यांनी संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांच्या छापील प्रती त्या फाईलमध्ये होत्या. त्या एकापाठोपाठ एक वाचल्या की चकित व्हायला होते, कारण सरकारे बदलली, मंत्री बदलले, पण उत्तर जवळजवळ शब्दशः तेच राहिले. उच्च न्यायालयांच्या खंडपीठांचा अभ्यास करणाऱ्या जसवंत सिंग आयोगाच्या शिफारशी आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल विचारात घेऊन, राज्य सरकारकडून पायाभूत सुविधा आणि खर्चाच्या तयारीसह परिपूर्ण प्रस्ताव आल्यावर, उच्च न्यायालयाचे दैनंदिन प्रशासन पाहणाऱ्या मुख्य न्यायमूर्तींचे मत आणि राज्यपालांची संमती मिळाल्यावर खंडपीठाचा विचार होतो. सध्या असा परिपूर्ण प्रस्ताव प्रलंबित नाही.

मी म्हणालो, ही तर सरळ टोलवाटोलवी आहे. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "तसं नाही ओ. तुम्ही याला उत्तर समजून वाचताय. हा पत्ता आहे. कुठलं दार वाजवायचं ते यात लिहिलंय, आणि दिल्लीचं दार त्यात शेवटी येतं."

आणि घडलेही तसेच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) नुसार राज्यपालांच्या मान्यतेने उच्च न्यायालयाचे कामकाज दुसऱ्या ठिकाणी चालवण्याचा अधिकार मुख्य न्यायमूर्तींना आहे. तो वापरूनच कोल्हापूरचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, झाले आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे पक्षकार आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या आवारात येतात. त्या उत्तरांत लिहिलेली दारे मुंबईची होती, आणि काम शेवटी तिथेच झाले.

उरलेल्या प्रवासात सांगण्यासारखे फारसे काही नाही. दिल्लीत थंडी होती, आणि रात्री महाराष्ट्र सदनात जेवताना शेजारच्या टेबलावर गडहिंग्लजकडचे लोक भेटले, ते कोणत्या तरी मंत्रालयात फाईलच्या मागावर आले होते.

संसदेत प्रेक्षक म्हणून जायचे तर खासदारांच्या शिफारशीने पास काढावा लागतो. १३ डिसेंबर २०२३ रोजी गॅलरीतून दोघांनी सभागृहात उडी घेतल्यापासून तपासणी अधिकच कडक झाली आहे. मोबाइल, पिशवी, सगळे बाहेर ठेवून, एकामागून एक फाटके ओलांडत आम्ही आत गेलो. आवारात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे, २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले होते. पण पाहुण्यांना आखून दिलेल्या वाटेनेच जावे लागते, त्यामुळे कोल्हापूरकर असूनही आम्हाला तो पाहता आला नाही, याची रुखरुख मावसभावाला परतेपर्यंत होती.

नव्या इमारतीतले लोकसभेचे सभागृह मोराच्या कल्पनेवर सजवलेले आहे आणि तिथे ८८८ सदस्यांच्या बसण्याची सोय आहे. दूरचित्रवाणीवर ते लहान वाटते, कारण कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो. वरून पाहताना मात्र न बोलणारेच जास्त दिसतात. कोणी कागद चाळत असतो, कोणी मागच्या बाकावरच्या सहकाऱ्याशी कुजबुजत असतो. आम्हाला पायावर पाय टाकून न बसण्याची आणि टाळ्या न वाजवण्याची सूचना मिळाली होती, ती मावसभावाने इतकी मनावर घेतली की तो तासभर शाळेतल्यासारखा ताठ बसून होता.

लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास अकरा वाजता सुरू होतो. राज्यसभेने तो २०१४ पासून दुपारी बारावर नेला आहे. एका दिवसासाठी वीस तारांकित प्रश्न निवडले जातात आणि त्यांची तोंडी उत्तरे अपेक्षित असतात. अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात आणि त्यांची उत्तरे फक्त लेखी मिळतात. कोणाचा प्रश्न यादीत वर यायचा हे सोडतीने ठरते. खात्यांचे पाच गट केलेले असून प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार नेमून दिलेला असतो. ही शेवटची गोष्ट मावसभावाला तिथे बसल्यावर कळली. साखरेचे खाते त्या दिवसाच्या गटात नव्हते. "म्हंजे दादा, साखरेचं आज काय निघणारच न्हाई?" असे त्याने कानात विचारले आणि गॅलरीतल्या कर्मचाऱ्याने आमच्याकडे वळून पाहिले.

सुरुवातीची काही मिनिटे गोंधळात गेली. नंतर अध्यक्षांनी प्रश्नाचा क्रमांक पुकारला, सदस्य उभे राहिले आणि मंत्र्यांनी विवरण सभापटलावर ठेवले असल्याचे एका वाक्यात सांगितले. मंत्र्यांचे आणि खात्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आम्हाला पाहायची होती ती पद्धत. प्रश्न उत्तरेकडच्या एका रखडलेल्या रस्त्याचा होता. तयार उत्तर आधीच छापलेले असते, म्हणून ते वाचून दाखवण्यात कोणाचीच परीक्षा नसते. ती सुरू होते पुरवणी प्रश्नापासून. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पुरवण्या मिळतात, मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. मंत्र्यांच्या समोर जाड फाईल असते. पुरवणीत काय काय विचारले जाऊ शकते याचा अंदाज घेऊन खात्याने तयार केलेली टिपणे तिच्यात असतात.

पहिल्या पुरवणीला मंत्री सहज बोलले, पण त्या बोलण्यात आकडा नव्हता. तेवढ्यात बाजूच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत एकाने हातातल्या कागदाचा कोपरा फाडला, गुडघ्यावर ठेवून त्यावर काहीतरी लिहिले आणि ती चिठ्ठी एका कर्मचाऱ्यामार्फत खाली गेली. मंत्र्यांनी वाक्य न तोडता ती वाचली, दुमडली आणि फाईलच्या खाली सरकवली. दुसऱ्या पुरवणीच्या उत्तरात किलोमीटर आले, किती जमीन संपादित व्हायची राहिली तेही आले, आणि ती राज्य सरकारने संपादित करून द्यायची आहे हेही आले. मी वकीलसाहेबांकडे पाहिले. त्यांनी नुसती मान हलवली: पुन्हा पत्ता.

तिसऱ्या सदस्याने आपल्या मतदारसंघातला पूल मध्येच आणला. मंत्री "मी यात लक्ष घालतो" अशा अर्थाचे काही बोलले आणि वकीलसाहेबांचे कोपर माझ्या बरगडीत बसले. त्याचा खुलासा बाहेर आल्यावर झाला. आपण ज्याला वेळ मारून नेणे समजतो, ती "विचाराधीन आहे", "माहिती गोळा करून पटलावर ठेवू", "लक्ष घालू" अशी ठरावीक वाक्ये संसदेच्या हिशेबात आश्वासने म्हणून नोंदली जातात. त्यांच्यासाठी लोकसभेची वेगळी समिती १९५३ पासून आहे, आणि आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते. मुदतवाढी मागितल्या जातात, ही गोष्ट वेगळी. पण गेलेला शब्द वहीत असतो. मला वाटते, आपल्याकडे मंत्र्यांच्या भाषणांची जेवढी चर्चा होते तिच्या शतांशानेही या वहीची होत नाही. १९५७ मध्ये मुंदडा प्रकरणी, म्हणजे एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांबद्दल, लोकसभेत विचारणा सुरू झाली, फिरोज गांधींनी ती लावून धरली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. तिथेही सुरुवात आरोळीने नव्हे, तर हिशेब मागणाऱ्या प्रश्नाने झाली होती.

आमच्या पासची वेळ संपेपर्यंत वीसपैकी मोजकेच प्रश्न झाले होते. उरलेल्यांची उत्तरे लेखी समजायची, असा नियमच आहे.

संध्याकाळी महाराष्ट्र सदनात मावसभावाने लोकसभेच्या संकेतस्थळावरची साखरेची जुनी लेखी उत्तरे मोबाइलवर वाचायला घेतली. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली. त्या हंगामात उसाचा एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, क्विंटलला २७५ रुपये होता, २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ३५५ रुपये जाहीर झाला, आणि दरम्यान या दरासाठी धरलेला साखरेचा मूळ उताराही दहावरून सव्वादहा टक्क्यांवर गेला. हे त्याला पाठ होते. नवीन कळले ते वेगळेच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यायचे, पण हे कारखान्याकडून करून घेण्याचे अधिकार राज्यांकडे दिलेले आहेत, म्हणजे आपल्याकडे साखर आयुक्तांकडे. "दिल्लीपर्यंत येऊन पुण्याचा पत्ता मिळाला की वकीलसाहेब," असे म्हणून तो हसला, पण त्याने ते उत्तर जपून ठेवले.

परतीच्या गाडीत आम्ही स्वतः एक प्रश्न लिहायला बसलो. विषय कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाचा, कारण सुमारे १०७ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात येऊनही गगनबावड्याकडे जाताना रूळ काही दिसत नाहीत. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांत बसला पाहिजे आणि त्यात मत किंवा आरोप असता कामा नये. माझ्या मसुद्यात "हा मार्ग कधी पूर्ण होणार" असे होते. वकीलसाहेबांनी ते खोडले. याला "विचाराधीन" एवढेच उत्तर पुरते, म्हणाले. त्यांनी लिहिले: (अ) या प्रकल्पाचा अहवाल सध्या कोणत्या कार्यालयाकडे आहे, (ब) तो तिथे कोणत्या तारखेला पाठवला गेला, (क) पुढचा निर्णय केंद्राने घ्यायचा आहे की राज्याने, आणि राज्याने घ्यायचा असल्यास त्यांना शेवटचे पत्र कोणत्या तारखेला गेले.

सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणून कोल्हापुरात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेब तो कागद घेऊन खासदारांच्या कार्यालयात गेले. जाण्यापूर्वी मावसभावाने फोन करून त्यात साखरेचा एक प्रश्न जोडायला लावला. त्यालाही (ब) होता, आणि त्यातही तारीखच विचारलेली होती.