ऑपरेशन सक्सेसफुल, पण कोणाच्या हिशेबाने?

हर्नियाच्या ऑपरेशनवरचा जुना रिसर्च चाळला तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट मोजलेली दिसते, हर्निया परत आला का. सर्जनच्या दृष्टीने ते महत्त्वाचंच, मान्य. पण माझं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं, खोकला आला की टाक्यांवर हात दाबून धरायचा, संडासला जोर लावायची भीती, आणि जांघेत जी बारीक कळ राहिलीये ती जाणार का अशीच मुक्कामाला राहणार. फॉलोअपला डॉक्टरांनी खोकायला लावलं, हात लावून बघितलं, "छान आहे" म्हणाले. झालं, कागदावर मी एकदम ओके!

ऑपरेशनमध्ये पोटाच्या कमकुवत जागी आधाराला जाळी बसवायला लागल्यापासून हर्निया परत येणं कमी झालं आणि मग कुठे या रेंगाळणाऱ्या दुखण्याकडे नीट लक्ष गेलं. पेशंटला आधी विचारलं असतं तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की.

म्हणजे रिसर्चचा प्रश्न ठरवतानाच पेशंट हवा, नुसता सहीपुरता नको. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून हेच करतेय, पेशंट, त्यांचं करणारे घरचे लोक आणि डॉक्टर-नर्स एकत्र बसून कशावर रिसर्च व्हायला हवा त्यातले पहिले दहा प्रश्न काढतात.

आणि ट्रायल, म्हणजे उपचार पेशंटवर तपासून बघायचा अभ्यास, कशी करायची यातही विचारा ना. अमेरिकेत गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची एक गाजलेली ट्रायल आहे, २००२ साली छापून आली, त्यात काही जणांना नुसते कातडीवर छेद दिले, आत काहीच केलं नाही, आणि दोन वर्षांनी बघितलं तर त्यांच्या आणि खरं ऑपरेशन झालेल्यांच्या दुखण्यात फरक नाही! पेशंटला आधी स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागायचं की माझं कदाचित खोटं ऑपरेशन होईल हे मला माहितीये. ट्रायलच्या निकषात बसणारे ३२४ जण होते, त्यातल्या १४४ जणांनी भाग घ्यायला नको म्हटलं. मला तर त्या १४४ जणांशीच बोलायला आवडेल, असला प्लॅन आधी अशाच लोकांपुढे ठेवायला हवा.

बाकी रिसर्चच्या कमिटीत एक पेशंट घेतला की काम झालं असं समजणारेही आहेत. मीटिंग कामाच्या दिवशी भर दुपारी, जाडजूड प्रोटोकॉल (ट्रायलचा सगळा आराखडा) आदल्या रात्री मेलवर, वर बोलणं सगळं शॉर्टफॉर्ममध्ये, मग तो बिचारा मान डोलावण्याशिवाय काय करणार? निदान दोन पेशंट घ्या, कागद आठवडाभर आधी द्या, आणि प्रवासखर्चाबरोबर वेळेचेही पैसे द्या, तिथे बसलेला बाकी कोणी फुकट आलेला नसतो.