आमची वाटचाल : ताज्या धिंगरीकडून किटकडे

आम्ही मावळातले. घरची भातशेती, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी (मशरूम) प्रकल्पात प्रशिक्षण घेतलं आणि गोठ्याशेजारच्या खोलीत धिंगरीच्या, म्हणजे ऑयस्टर मशरूमच्या, पिशव्या टांगल्या. पीक छान आलं, पण विकेना. बटण मशरूम सगळ्यांच्या ओळखीचं, धिंगरी पाहिली की भाजीवाले विचारायचे, "हे असं चपटं का? शिळं आहे का?" त्यात ती फ्रीजबाहेर फार टिकत नाही. उरलेली उन्हात वाळवायची, म्हणजे १० किलोची जेमतेम किलोभर उरायची.

किटची कल्पना आमची नाही. खोली बघायला आलेल्या एका काकूंनी पिनहेड (टाचणीच्या डोक्याएवढे कोंब) फुटलेली पिशवीच मागितली. "तोडू नका, अशीच द्या, नातवाला दाखवते." मग त्यांच्या सोसायटीतून फोन यायला लागले.

किट म्हणजे अर्धं काम आमच्याकडे उरकलेली पिशवी. पेंढ्याचे तुकडे रात्रभर भिजवायचे, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, मग निथळायचे. मूठ दाबली की तळहात ओलसर व्हावा, पण थेंब पडू नये. पिशव्या भरणाऱ्या आमच्या मावशींना हे बरोबर कळतं, त्यांनी 'थांबा' म्हटलं की आम्ही थांबतो. थराथरानं स्पॉन (मशरूमचं बियाणं) टाकून पिशव्या १५ ते २० दिवस अंधाऱ्या खोलीत. बुरशीच्या धाग्यांनी पूर्ण पांढरी झालेलीच खोक्यात जाते.

मग ग्राहकाचा फोन: "अहो, पिशवीला बुरशी आलीय!" पांढरी असेल तर उत्तम, पैसे तिचेच घेतलेत. हिरवी दिसली तर मात्र पिशवी घराबाहेर काढा, फोटो पाठवा, बदलून देतो. आता हे खोक्यावरच मोठ्या अक्षरांत छापलंय.

खरी कसोटी प्रवासात लागते. बुरशी जिवंत असते, श्वास घेते, बंद खोक्यात आपसूक तापते. कुरिअरच्या गोदामात अडकली की पिनहेड आतच फुटतात आणि मोकळी हवा नसल्यानं लांबलचक देठ, वर टिकलीएवढी टोपी. म्हणून खोक्याला भोकं पाडतो, रवानगी सोमवार ते बुधवारच करतो आणि एप्रिल-मेमध्ये पांढरी फ्लोरिडा जातीची धिंगरी लांबच्या गावी पाठवत नाही, कितीही गळ घातली तरी. उन्हाळ्यात गुलाबी धिंगरी देतो. ती ३० अंशांपर्यंत सहज येते. विदर्भातल्या मे महिन्यापुढे तिचंही चालत नाही.

धिंगरीला सगळ्यांत मानवतो तो पावसाळा. गॅलरीत ८० टक्के आर्द्रता आयती मिळते, पाण्याची फवारणीही फारशी लागत नाही. आणि नेमका तेव्हाच श्रावण! कांदा-लसूण सोडणारी बरीच घरं मशरूमही सोडतात. बुरशी ना झाड ना प्राणी, असं समजावून पाहिलं. पण घरातल्या आजी "कुत्र्याची छत्री ताटात नको" म्हणाल्या की विषय संपला. (गावाकडे याच दिवसांत रानातली अळंबी चवीनं खातात, हे त्यांना कोण सांगणार?) त्या महिन्यात पिशव्या कमी भरतो, गौरी-गणपती उरकले की मागणी परत येते.

पैशाचं स्पष्ट सांगतो. दोन किलोच्या ओल्या पिशवीत कोरडा पेंढा ६००-७०० ग्रॅमच असतो, त्यातून दोन-तीन बहरांत मिळून पाव ते अर्धा किलो धिंगरी निघते. बाजारभावाशी ताडलं तर किट महागच पडतं. दर आठवड्याला भाजी हवी असेल त्यानं ताजीच घ्यावी. पिनहेड दिसल्यापासून काढणीपर्यंतचे ते चार-पाच दिवस रोज सकाळी उठून बघायची हौस असेल, त्यानं किट घ्यावं. फक्त टोप्यांच्या कडा वर वळायच्या आत काढा. उशीर झाला की टेबलावर पांढरी पूड पडते, ते बीजाणू असतात. दम्याच्या माणसाला त्यांचा त्रास होऊ शकतो. एसीच्या झोतात पिशवी ठेवू नका, आणि संपल्यावर पेंढा कुंडीत जिरवा.

आता ताजी धिंगरी आम्ही फक्त शनिवारी देतो, तीही आधी सांगितलं तरच. उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबीचं (मिल्की मशरूमचं) किट करून बघतोय. उकाडा तिला चालतो, पण वरून मातीचा थर द्यावा लागतो आणि फ्लॅटमधल्या माणसाला तो उद्योग नको असतो. म्हणून निर्जंतुक केलेली माती वेगळ्या पुडीत सोबत देणार आहोत. पहिली खोकी ओळखीच्याच घरी जातील.