सुक्या बोंबलाच्या पाकिटाला चेहरा देताना

वरळी कोळीवाड्यात आमच्या घरी सुकी मासळी विकली जाते ती आजीच्या काळापासून. सुके बोंबील, सोडे, जवळ्याची चटणी आणि लालबागहून कुटून आणलेला कोळी मसाला. आजवर हे सगळं साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून जायचं. गिऱ्हाईक ओळखीचं, त्यामुळे पिशवीवर नाव असावं असं कुणाला वाटलंच नाही. मग दादरच्या एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली, पण लेबलाशिवाय फळीवर लावता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

माल आई आणि काकी बघतात. हिशेब, फोन आणि ऑर्डरी माझ्याकडे. लोगो, रंग, अक्षरं, लेबल, व्हॉट्सअ‍ॅपवरचं चित्र असं सगळं करून देणाऱ्या डिझायनरांचे दर मी विचारले. कामाच्या मानाने ते वाजवी होते, पण आमच्या विक्रीला झेपणारे नव्हते. म्हणून एआय टूल हाताशी घेऊन होईल तेवढं घरी करायचं ठरवलं. मुंबईत आमच्यासारखे घरगुती धंदे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मी चित्रापासून केली नाही. गप्पा मारणाऱ्या टूलला मराठीतच लिहिलं: लोगो सुचवू नकोस, आधी मला धंद्याबद्दल प्रश्न विचार, एका वेळी एकच. माझ्या मते सगळ्या कामात सगळ्यात फायद्याची गोष्ट हीच ठरली. माल कोण घेतं, कधी घेतं, घेताना कशाला बिचकतं, दुसऱ्याचं सोडून तुमचं का घ्यावं, असे प्रश्न येत गेले आणि उत्तरं माझ्याकडे नव्हती, काकीकडे होती. सुक्या मासळीत लोक बिचकतात ते वासाला आणि वाळूला. यावर काकी पटकन म्हणाली, "आपले बोंबील वलांडीवर सुकतात, जमिनीला टेकत नाहीत. वाळू येणार कुठून?" वलांडी म्हणजे बांबू रोवून, दोऱ्या ताणून केलेली उंच चौकट. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. पुढे प्रत्येक टूलला काही सांगायच्या आधी मी या प्रश्नोत्तरांचं पान पुढे करत असे, आणि काम भरकटायला लागलं की पुन्हा त्याच वाक्यापाशी येत असे.

मग चित्रं. पहिल्या खेपेला जे आलं ते कुठल्याही किनाऱ्यावरचं असू शकलं असतं. माड, सोनेरी सूर्य, डोक्यावर टोपली घेतलेली हसरी बाई. तिचं नेसणं कोळणीचं नव्हतं, धड नऊवारीही नव्हतं. टोपलीतला मासा जाडजूड आणि खवल्यांचा. आईने फोन हातात घेतला आणि विचारलं, "यो कंचा म्हावरा गो? आपल्या दर्यान मिलत नाय."

असं का होतं ते समजून घेतलं की चिडचिड कमी होते. ही टूल्स इंटरनेटवरच्या असंख्य चित्रांवर आणि त्यांच्या मथळ्यांवर शिकलेली असतात. ज्या गोष्टीचे फोटो ढिगाने आहेत, तिकडे त्यांचा कल जातो. 'मासा' म्हटलं की जगात सर्वाधिक फोटो ज्या प्रकारच्या माशाचे, तसा मासा येणार. वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, किनाऱ्यावर वाळणाऱ्या बोंबलाचे फोटो त्या मानाने मूठभर. वर्णन कितीही लांबवलं तरी ही उणीव शब्दांनी भरत नाही. आपलं चित्रच द्यावं लागतं, आणि बहुतेक टूल्समध्ये फोटो जोडायची सोय असते.

म्हणून वेसाव्याला मावशीकडे गेले. पावसाळा संपून ऊन पडलं की तिकडे वलांड्या भरतात. मी होड्यांच्या नाळेवरचे, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावरचे, रंग टिपले, जाळ्यांचे ढीग टिपले, आणि सर्वांत जास्त टिपले ते टांगलेले बोंबील. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, खिळा नाही, माशाचा जबडाच माशाला धरून ठेवतो.

घरी फोटो चाळताना माझं लक्ष दोरीवर गेलं. वर एक सरळ आडवी रेघ आणि तिला लागून खाली सगळं लोंबतंय. मराठीत लिहिलेला शब्द असाच तर असतो, शिरोरेषेला लटकलेला! लोगो तिथेच सापडला. नावाची शिरोरेषा उजवीकडे थोडी पुढे न्यायची, तिची दोरी करायची आणि तिच्यावर जबड्यात जबडा अडकवलेली एक जोडी टांगायची. काकीचं वाक्यही त्यात आपोआप आलं: जमिनीला टेकत नाही.

इथून पुढे टूलने जे काम केलं त्याचं मला मनापासून कौतुक आहे. फोटो जोडून मी सांगितलं: एकच रंग, सावली नाही, फक्त बाह्यरेषा, दोन मासे, जबडा अडकलेला, वर आडवी रेघ. जाड रेघेचे, बारीक रेघेचे, भरीव, ठशासारखे, असे कितीतरी नमुने एका संध्याकाळी समोर आले. एवढे पर्याय हाताने काढून घ्यायचे तर कुणालाही आठवडे लागले असते. निवड मात्र आईची. एकात खालचा जबडा आखूड होता, तो बाद. एकात शेपटी साधी दोन टोकांची होती. बोंबलाच्या शेपटीला मध्ये तिसरं टोक असतं, तेही तिनेच दाखवलं. उरलेले नमुने मी नखाएवढे लहान करून, काळ्या-पांढऱ्यात छापून भिंतीवर चिकटवले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखू येतो तो ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चौकटीत कडा कापल्या जातात, तेही तपासलं.

अक्षरांचा भाग मात्र वेगळा. आमच्या नावात एक 'ळ' आहे आणि एक 'र्य'. चित्र काढणाऱ्या टूलकडून आलेल्या नमुन्यांत ळ ची दोन वेटोळी कधी तीन व्हायची, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा, शिरोरेषा मधेच तुटायची. आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो तेव्हा कोणती मात्रा कुठे बसेल, कोणतं जोडाक्षर कसं जुळेल, याचे नियम फॉन्टमध्ये घातलेले असतात. चित्राचं टूल टाइप करत नसतं, ते अक्षरासारखा दिसणारा आकार रंगवतं. नवी टूल्स सोपा शब्द बऱ्यापैकी बरोबर काढतात, पण नावाच्या बाबतीत 'बऱ्यापैकी' चालत नाही. गिऱ्हाइकाला कारण कळलं नाही तरी चुकलेलं अक्षर खटकतंच.

लेबलवरच्या बारीक मजकुरासाठी 'मुक्ता' हा फॉन्ट घेतला. मुंबईच्याच 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने तो केला आहे, ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे, त्यामुळे धंद्यासाठी वापरायला पैसे लागत नाहीत, आणि देवनागरीसोबत रोमन अक्षरंही त्यात एकाच घडणीची मिळतात. त्यांचाच 'बलू'ही गोल, ठसठशीत आहे. ज्यांना लोगोसाठी तयार अक्षर हवं त्यांनी तो जरूर बघावा.

आमच्या नावासाठी मात्र मी होड्यांवर नावं रंगवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी चपट्या ब्रशने आधी अक्षरं लिहिली आणि शिरोरेषा शेवटी, श्वास धरून, एका ओढीत मारली. तीच आमची दोरी. त्यांना त्यांचा मोबदला दिला, आणि हे अक्षर धंद्यासाठी, नोंदणीसाठी वापरायला हरकत नाही असं दोन ओळींत लिहून घेतलं. ओळखीच्या माणसाकडूनही हे लिहून घ्यावं, दोघांच्याही भल्याचं असतं.

कागदावरचं नाव स्कॅन करून इंकस्केपमध्ये घेतलं. हा मोफत प्रोग्रॅम चित्राच्या कडा ओळखून त्यांच्या रेषा करतो, म्हणजे लोगो पाकिटावर छापा किंवा फलकावर, कडा फाटत नाहीत. एआय टूलकडून येणारं चित्र ठिपक्यांचं असतं. १०२४ बाय १०२४ ठिपक्यांचं (पिक्सेलचं) चित्र ३०० डीपीआयने, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर होतं. त्याहून मोठं केलं की धूसर. म्हणून बोंबलाची जोडीही मी इंकस्केपमध्ये स्वतः पुन्हा रेखाटली, टूलचा नमुना खाली ठेवून आणि फोटो शेजारी ठेवून.

रंगाबद्दल थोडक्यात. होडीच्या नाळेवरचा निळा आणि मसाल्याचा लाल असे दोन ठरले. पडद्यावर निळा झळाळत होता, छपाईच्या चाचणी कागदावर (प्रूफवर) मंद झाला. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शाईंनी, आणि काही झळाळते निळे-हिरवे त्या शाईंतून निघतच नाहीत. वडाळ्याच्या प्रेसवाल्या दादांनी छापील शेडकार्ड पुढे केलं, त्यातून रंग निवडला आणि मग त्याच्याशी जुळणारा रंग पडद्यासाठी घेतला. क्रम हाच ठेवावा. पाकीटच छापून घ्यायचं तर त्यासाठी छपाईचे कोरलेले सिलिंडर करावे लागतात आणि मोठा माल उचलावा लागतो. साध्या पाउचवर स्टिकर लावणं आमच्यासारख्यांना परवडतं.

आता लेबल, आणि इथे मी सगळ्यांना कळकळीने सांगेन की डोळ्यांत तेल घालून बघा. टूलने करून दिलेलं नमुना लेबल दिसायला देखणं होतं, पण सुक्या मासळीच्या पाकिटावर त्याने शाकाहाराचा हिरवा ठिपका टाकला होता आणि परवाना क्रमांकाच्या जागी मनचे आकडे. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मांसाहाराची खूण म्हणजे तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो. घटकांची यादी हवी, आणि जवळा, सोडे हे कवचधारी असल्याने ॲलर्जीची सूचना हवी. आमच्याकडे सोड्यांनी अंगावर पित्त उठणारं गिऱ्हाईक आहे, तेव्हा ही ओळ मला नियमापलीकडेही महत्त्वाची वाटते. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला. शिवाय वजनमापाच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी पत्ता आणि फोन. या सगळ्याची यादी टूलने झटकन काढून दिली, पण प्रत्येक ओळ मी मूळ नियमाशी ताडून पाहिली आणि मगच प्रेसला दिली. देखणेपणासाठी यातलं काही लहान करायचं नाही, हेही ठरवून टाकलं. मोकळी जागा हवी होती ती लोगो आटोपशीर करून काढली.

शेवटी नावाची नोंदणी. ट्रेड मार्कच्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो. मी नाव तसंच आणि उच्चारसाधर्म्यानेही शोधलं, आणि बोंबलाची जोडी इंटरनेटवर चित्रावरून शोधून पाहिली, कारण टूलने दिलेला आकार कुणाच्या चिन्हाशी जुळत असेल तर ते टूल आपल्याला सांगायला येत नाही. नोंदणीसाठी मालाचे क्रमांकवार वर्ग पाडलेले असतात: मासळी २९ व्या वर्गात मोडते, मसाला ३० व्या. व्यक्तीच्या किंवा लहान उद्योगाच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. आम्ही आईच्या नावाने दोन्ही वर्गांत केला. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण अर्जासाठी तिथे जायची गरज पडली नाही. अर्ज तपासणीतून पार झाला की ट्रेड मार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापला जातो, मग हरकतीसाठी चार महिने, आणि त्यानंतर नोंदणी, ती दहा वर्षांची. नाव इथे लिहीत नाही ते एवढ्यासाठीच, की अर्ज अजून त्या वाटेवर आहे.

नोंदणी होण्याआधी नावाशेजारी वर्तुळातला 'आर', म्हणजे 'नोंदणी झालेली' ही खूण, छापणं १९९९ च्या कायद्याने मना आहे. टूलच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात तो सजावटीसारखा आलेला होता, मी प्रत्येक ठिकाणाहून काढला. दादरच्या फळीवर आता जी पाकिटं लागली आहेत, त्यांच्यावर दोरीच्या टोकाशी बारीक 'टीएम' (ट्रेड मार्क) एवढंच आहे.