कलाजंग

‘हान्सोकु-माके’, म्हणजे थेट बाद, म्हणताना माझा आवाज चांगला खणखणीत लागला होता. 2014 सालची गोष्ट, कोल्हापुरातली शालेय ज्यूदो स्पर्धा, 17 वर्षांखालची मुलं, आणि मॅटवर पंच मी.

तालमीतली पोरं आमच्या स्पर्धांत उतरतात ती बरेचदा दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी. गीचा, म्हणजे ज्यूदोच्या जाड पोशाखाचा, पट्टा बांधायला शिकली की झाली तयारी. त्या दिवशीचंही त्यातलंच. कुस्तीनं कान दुमडलेलं, बुटकं, रुंद पोरगं. ‘हाजिमे’, म्हणजे सुरू करा, म्हणायचा अवकाश, त्यानं समोरच्याची बाही ओढली, गुडघा टेकून मान काखेखाली घातली, दुसरा हात मांड्यांमधून सारला आणि त्याला खांद्यावर आडवा घेऊन पाठीवर सोडला. हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. मी बोट रोखून पोराला बाद केलं.

नियम सरळ होता. 2013 पासून उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात लावून हल्ला केला की थेट बाद करायचे. खेळाडू कंबरेत वाकून पाय धरायलाच टपून बसतात, ताठ उभं राहून खेळणं मागं पडतं, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं तो आणला होता. मला तो पटलाही होता.

स्पर्धा संपेपर्यंत पोराचे वस्ताद भिंतीला टेकून थांबले. सत्तरीचे असतील. डोक्याला फेटा. मग आले, चपला बाहेर काढल्या, खाली वाकून मॅटला हात लावला आणि तो कपाळाला नेला. आमची पोरं मॅटवर येताना वाकतात ती मी ओरडल्यावर.

“सर, पोराचं काय चुकलं?”

“मांडी धरली, वस्ताद.”

“मग काय धरायचं? कान?”

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “कलाजंग तुमच्यात न्हाईच म्हना की.”

इथं माझी पंचाईत झाली. कारण कलाजंग, म्हणजे खांद्यावर घेऊन टाकायचा तो डाव, आमच्यात आहे. त्याला आम्ही काता-गुरुमा म्हणतो. नागे-नो-काता या ठरावीक प्रात्यक्षिकातला तो तिसराच डाव, ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत मी तो कितीतरी पोरांकडून करून घेतलाय. एवढंच नाही, प्रत्येक शिबिरात मी एक गोष्ट रंगवून सांगतो : ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांना तरुणपणी एक धिप्पाड जोडीदार काही केल्या पडेना. त्यांनी सुमोतले डाव करून पाहिले, तेही लागू पडेनात. शेवटी ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक उघडलं, त्यातून हा डाव हाती लागला आणि जोडीदार पडला. गोष्टीनंतर मी पोरांना मन मोकळं ठेवण्यावर दहा मिनिटं देतो. आणि तोच डाव कुस्तीतून शिकून आलेल्या पोराला मी नुकताच बाहेर काढला होता.

“आहे,” मी म्हणालो. “प्रात्यक्षिकात चालतो. लढतीत नाही.”

“म्हंजे देव्हाऱ्यात पुजायचा, आन् रस्त्यात भेटला की हानायचा,” वस्ताद हसले. “उद्या पाटंचं या तालमीत.”

गेलो. अंधारच होता अजून. हौदातली तांबडी माती रात्री खणून ठेवलेली, तेल, ताक, हळद पिऊन गार पडलेली. मारुतीला नमस्कार करून खाली उतरलो. जोडीला तेच पोरगं.

ज्यूदोत पकडीचा सगळा जोर करंगळी आणि अनामिकेत. वीस वर्षं बाह्या आणि कॉलर धरून माझ्या त्या बोटांची पेरं जाड झालीत. पण इथं धरायला कापडच नाही. मनगट धरलं की मातीच्या थरासकट सटकायचं, आणि माझी दोन बोटं हवेत कॉलर शोधत राहायची. पोरानं तोपर्यंत पट काढलेला, म्हणजे माझे पाय धरून ओढलेले असायचे. पाठीवर पडताना मी ज्यूदोतल्या सवयीनं, मार कमी लागावा म्हणून, हात आपटला.

“पाठ लागली. आता हात कशाला आपटताय?” वरून वस्ताद.

तिसऱ्या खेपेला पोरगं पाऊल टाकत असताना मी पायाच्या तळव्यानं त्याचा घोटा झाडला. पोरगं कुशीवर आदळलं. आमच्यात तेव्हा याला युको, म्हणजे छोटा गुण, मिळायचा. मी थांबलो. वस्ताद म्हणाले, “थांबलासा का? पाठ कुठं लागली? चालू द्या की.” त्या थांबण्यातच पोरानं मला चीत केलं.

पण नंतर त्यांनी तो झटका मला पाच वेळा करायला लावला. पायाकडं बघत हौदाच्या कडेला उकिडवे बसले. “वजन पायावर पडायच्या आधी मारता व्हय? पडल्यावर न्हाई?” मी म्हणालो, पडता पडता. त्यांनी आपल्या थोरल्या पठ्ठ्याला बोलावून ते करून घेतलं. तिसऱ्या खेपेला जमलं त्याला.

मग दूध पीत तासभर भांडलो. कुशीवर पडल्याचे गुण द्यायचे म्हणजे अर्ध्या कामाची मजुरी, हे त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, नुसती पाठ टेकवायला काय लागतं, किती जोरात पडला ते बघायला नको? ते तसूभर हलले नाहीत, मीही नाही. मांडी धरण्याच्या त्या नियमाबद्दल मात्र मी आता पूर्वीइतक्या तावातावानं बोलत नाही. माती दोन दिवस कानातून निघत होती.

पुढच्या वर्षी पोरगं पुन्हा उतरलं. लढतीत त्याचा हात समोरच्याच्या मांडीपर्यंत गेला आणि चटका बसल्यासारखा मागं आला. मग त्यानं पाय झाडून त्याला पाडलं. पूर्ण इप्पोन, म्हणजे लढत तिथंच जिंकली. मी वर पाहिलं. वस्ताद मान हलवत होते, आडवी.