कुत्रं जगतं ना?

माझी मावशी सिनेमाला बसण्याआधी दोनच गोष्टी विचारते. शेवट गोड आहे ना, आणि हॉस्पिटल आहे का. दुसरा प्रश्न काका गेल्यानंतर आला. त्याआधी तिला ऑपरेशन थिएटरचा लाल दिवा, बाहेर बाकावर बसलेली नायिका, 'आता सगळं देवाच्या हाती' म्हणणारे डॉक्टर, सगळं चालायचं. आता पडद्यावर सलाइनची बाटली दिसली की ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी लावायला लागते. त्यामुळे आमच्याकडे कुणीतरी आधी बघून ठेवतं. "मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटं सोड, मग ये," एवढं सांगितलं की ती मजेत बघते. रडतेसुद्धा. रडायला तिची ना नाही. बेसावध गाठलेलं तिला नको असतं.

बाहेरच्या जगात हा गुन्हा आहे. सिनेमाचा शेवट सांगणाऱ्याला मित्रमंडळी वाळीत टाकतात, ग्रुपवरून काढतात. 'स्पॉयलर नको' म्हणणाऱ्यांचा त्रागा मला समजतो, पण ही अट आपल्या मातीतली नव्हे. हरिश्चंद्राच्या आख्यानाला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की रोहिदासाला साप डसणार, आणि हेही ठाऊक असतं की तो पुन्हा उठून बसणार. तारामतीच्या आक्रोशाला मोकळेपणी रडता येतं ते म्हणूनच. श्रावणातली कहाणी ऐकताना हातात अक्षता घेऊन बसलेल्या बायकांना शेवटचं वाक्य पाठ असतं. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होणार, याची हमी आधीच मिळालेली असते. मधली वणवण, उपास, सावत्रपणा हे सगळं त्या हमीच्या भरवशावर ऐकायचं.

मावशीसारखी माणसं जगभर आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. 'डझ द डॉग डाय' नावाची एक वेबसाइट २०१० पासून चालू आहे. नावातच प्रश्न आहे: कुत्रं मरतं का? सिनेमाचं नाव टाकायचं आणि उत्तर बघायचं. उत्तरं देणारे तुमच्या-माझ्यासारखे प्रेक्षक. त्यांनी बघितलेलं असतं, सोसलेलं असतं, आणि पुढच्याला सांगून ठेवायचं असतं. कुत्र्यापासून सुरू झालेली यादी मग वाढत गेली. मांजर मरतं का? कुणी ओकतं का? इंजेक्शनची सुई दिसते का? दिवे लुकलुकतात का? (हा प्रश्न फिट येणाऱ्यांसाठी जिवाचा आहे.) विदूषक आहे का? विदूषकाला हसणाऱ्यांनी खुशाल हसावं, पण ज्याची झोप उडते त्याला विचारू द्यावं.

आपल्याकडे पडद्यावर इशाऱ्यांची कमी नाही. नायकाने सिगारेट पेटवली की कोपऱ्यात ओळ येते, सिनेमाच्या आधी तंबाखूचे दुष्परिणाम येतात, आणि या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही असंही लिहून येतं. ही पाटी मला नेहमी गमतीची वाटते. शूटिंगला आलेलं कुत्रं सुखरूप घरी गेलं, छान झालं. पण कथेतल्या कुत्र्याचं काय, ते कोण सांगणार?

ते सांगण्याची रीतसर व्यवस्था मी पहिल्यांदा फॅन मंडळींत पाहिली. चाळिशी उलटलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईने रात्री अकरानंतर फॅनफिक वाचावं याला आमच्या घरात अजून नाव सापडलेलं नाही. 'तिचं ते चालू आहे' असं म्हणतात. फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिकेतली, सिनेमातली, पुस्तकातली माणसं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा. त्यांचं सगळ्यात मोठं घर 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. २००९ मध्ये सर्वांसाठी उघडलं, देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालतं, जाहिरात औषधालाही नाही. २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार या अख्ख्या संग्रहालाच मिळाला, तेव्हा तिथे एखादी दोन पानी गोष्ट टाकलेले लोकही 'आम्ही ह्यूगोविजेते' म्हणून मिरवले होते.

तिथे कथा टाकताना लेखकाला आधी सांगावं लागतं: मुख्य पात्राचा मृत्यू आहे का, अंगावर येणारी हिंसा आहे का, बलात्कार आहे का, अल्पवयीनांचे लैंगिक प्रसंग आहेत का. यातलं काहीच नाही असंही म्हणता येतं. आणि एक पर्याय मला फार आवडतो: मी इशारा देणार नाही. म्हणजे दार उघडं आहे, आत काय आहे ते सांगणार नाही, यायचं तर आपल्या जबाबदारीवर या. गुपित राखणाऱ्या लेखकाचा मानही राहतो आणि वाचकाला निदान गुपित आहे एवढं तरी कळतं. त्याखाली मग मोकळे टॅग. 'खूप रडवेन पण शेवट गोड' अशा अर्थाचा एक टॅग इतका चालतो की मावशीला इंग्रजी वाचायची सवय असती तर तिने दुसरं काही वाचलंच नसतं. एकाच गोष्टीसाठी दहा जण दहा शब्द वापरतात. ते सगळे एका धाग्यात बांधून ठेवणारे वेगळे स्वयंसेवक आहेत. नोकरी, अभ्यास, पोरंबाळं सांभाळून ही माणसं कुणा अनोळखी वाचकाला ठेच लागू नये म्हणून टॅग निवडत बसतात. सोसायटीच्या मीटिंगला गणपूर्ती न होणाऱ्या देशात राहून मला याचं अप्रूप वाटतं.

आता यात 'आपल्यासारखं कुणी' हा मुद्दा येतो. मावशीला हॉस्पिटल नको, कारण ती तिथून आली आहे. पण काही माणसं अशी असतात की गोष्टीत त्यांच्यासारखं कुणी दिसलं रे दिसलं, की ते आता मरणार हे त्यांना सवयीने कळतं. 'द हंड्रेड' ही अमेरिकन मालिका अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीवर घडते. त्यात लेक्सा नावाची टोळ्यांची सेनापती होती आणि तिचं क्लार्क या नायिकेवर प्रेम होतं. दोन मुलींचं प्रेम, तेही कडेला ठेवलेलं नाही, थेट कथेच्या मध्यावर. ३ मार्च २०१६ च्या भागात त्या दोघी अखेर एकत्र येतात, आणि त्यानंतर काही मिनिटांतच क्लार्कवर झाडलेली गोळी लेक्साला लागते. एवढी लढवय्यी, आणि मरण आलं ते भरकटलेल्या गोळीने. जुन्या चाहत्यांना २००२ आठवलं. 'बफी' या जुन्या अमेरिकन मालिकेतली टारासुद्धा प्रेयसीशी दिलजमाई झाल्याबरोबर अशाच दुसऱ्यासाठी सुटलेल्या गोळीने गेली होती.

चाहते भडकले. शिवीगाळही झाली, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच दिवसांत दुसरंही काही चाललं होतं. एकमेकींना हेल्पलाइनचे नंबर पाठवले जात होते, कोवळ्या वयाच्या मुलींशी कुणी ना कुणी बोलत होतं. मग 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या समलैंगिक आणि ट्रान्स मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी वर्गणी सुरू झाली आणि ती एक लाख डॉलरच्या वर गेली. मालिकेच्या कर्त्याने त्याच महिन्यात माफीही मागितली. काल्पनिक बाईचा दुखवटा आणि त्यात खरीखुरी वर्गणी. हसणारे याला पोरकटपणा म्हणाले. आपल्याकडे कुणी गेलं की आळीतल्या बायका डबा घेऊन येतात, तसलंच मला ते वाटलं.

ही मरणं आभाळातून पडलेली नाहीत. १९५२ मध्ये अमेरिकेत 'स्प्रिंग फायर' नावाची दोन मुलींच्या प्रेमाची कादंबरी निघाली. शेवट सुखाचा केलास तर टपाल खातं पुस्तक अश्लील म्हणून अडवेल, असं प्रकाशकाने लेखिकेला बजावलं होतं. तिने शेवट बिघडवला. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथने टोपणनावाने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' लिहिली आणि आपल्या दोघींना जगू दिलं, एकत्र राहण्याची आशा ठेवली. वाचकांची पत्रं कित्येक महिने येत राहिली. आपल्यासारखं कुणी पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत धड पोचतं, एवढ्याचंच कौतुक त्या पत्रांत होतं.

आणि आपल्याकडे? विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा केली होती. बाईवर प्रेम करणारी बाई मराठी रंगभूमीवर अशी सरळ उभी राहिली ती तिथे, आणि शेवटी तिने जीव दिला. मला ते मरण पुसायचं नाही. मित्राच्या वाट्याला आलेलं जग तसंच होतं आणि तेंडुलकर साखर घोळणारे लेखक नव्हेत. मित्रासाठी धावपळ करणारा बापू, तिची गोष्ट सांगणारा बापू, हाही शेवटी पुरा पडत नाही, हे त्या नाटकातलं सगळ्यात टोचणारं सत्य आहे. अडचण एकच: मित्रा एकटी होती. मराठीत त्या वेळी अशा दहा-वीस बायका असत्या, कुणी भांडखोर, कुणी आळशी, कुणी भिशी चालवणारी, तर त्यातली एक मेली असती आणि आपण तिच्यासाठी रडून घरी गेलो असतो. एकच असली की ती मरते तेव्हा बघणाऱ्याला स्वतःचं भविष्य सांगितल्यासारखं होतं. २००६ मध्ये सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली, तिच्यात भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून निघून जातो. मन मोडणं ही सर्वसामान्य, कुणालाही परवडणारी गोष्ट, ती अखेर त्यांच्याही वाट्याला आली.

मध्यंतरी आमच्या शाखेतल्या एका मुलाने मला जेवणाच्या सुट्टीत गाठलं. फॅनफिकचं माझं ते चालू असलेलं त्याला कुठून तरी कळलं असावं. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागात ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला रोहन कानवडे यांचा, दोन पुरुषांच्या प्रेमाचा 'साबर बोंडं' हा सिनेमा तेव्हा नुकताच लागला होता. मी बघितलाय का, विचारलं. हो म्हटलं. डब्यातली भेंडी उगाच ढवळत म्हणाला, "त्यातलं कुणी मरतं का?"

"मरतात. नायकाचे वडील. सुरुवातीलाच. मग गावी दहा दिवसांचा दुखवटा, त्यातच सगळी गोष्ट."

"ते नाही. ते दोघं?"

"त्या दोघांना काहीही होत नाही."

तो थोडा वेळ जेवला. मग त्याने आईला घेऊन जाण्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, विधी बरेच आहेत, घरात इतक्यात कुणी गेलं असेल तर जड जाईल. तसं काही नव्हतं. सिनेमा संथ आहे, गाणीबिणी नाहीत. ते चालणार होतं.

"आणि नातेवाईक लग्नाचं वगैरे बोलतात का?"

"सारखे बोलतात. मयताच्या घरात बसून बोलतात."

"मग तेवढं तिला ऐकू दे," म्हणाला, आणि तिथेच मोबाइल काढून रविवारची दोन तिकिटं काढली.