तुम्ही विचारलंत म्हणून : एकाच यंत्रावरचे दोन नोड एकमेकांना का ओळखत नाहीत?

एकाच यंत्रावर अर्लँग या प्रोग्रामिंग भाषेचे दोन नोड (एकमेकांशी जोडता येणाऱ्या तिच्या चालू प्रती) चालू आहेत, तरीही एकाने दुसऱ्याला पिंग केल्यावर, म्हणजे हाक मारल्यावर, ‘पाँग’ऐवजी (जोडणी झाली) ‘पँग’ (जोडणी झाली नाही) का येते, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि विचारणाऱ्याने बहुतेक वेळा फायरवॉलपासून शोध सुरू केलेला असतो. मी आधी ‘ईपीएमडी’ला नावांची यादी मागतो. पोर्ट ४३६९ वर बसलेला हा छोटा प्रोग्राम कोणता नोड कोणत्या पोर्टवर ऐकतो आहे, एवढीच नोंद ठेवतो. यादीत नाव नसेल, तर तो नोड बहुधा नाव न देताच सुरू झालेला असतो.

नाव असले म्हणजे काम झाले असे मात्र नाही, कारण या यादीत ‘@’च्या आधीचाच भाग दिसतो. नोडचे खरे नाव ‘अल्फा@यंत्र’ असेल आणि आपण ‘अल्फा@लोकलहोस्ट’ला हाक मारली, तर पोर्ट सापडतो, जोडणी सुरूही होते, पण ओळखपाळखीच्या टप्प्यावर पूर्ण नाव जुळत नाही आणि हाती पुन्हा ‘पँग’च येते. म्हणून दुसऱ्या नोडच्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या जागी) ‘नोड()’ चालवून आलेले नाव जसेच्या तसे वापरावे. एक नोड आखूड नावाने (‘@’नंतर यंत्राचे, म्हणजे होस्टचे, नुसते नाव) आणि दुसरा लांब नावाने (डोमेनसह पूर्ण नाव) सुरू केला असेल, तर त्यांचे जमतच नाही. निदान तेथे होस्टचे नाव अवैध असल्याचे शेल स्पष्ट सांगते.

उरते ती कुकी, म्हणजे दोन्ही नोडकडे सारखेच असावे लागणारे गुपित, आणि माझी एक अख्खी संध्याकाळ तिच्यातच गेली. एक नोड सेवा म्हणून वेगळ्या वापरकर्त्याच्या खात्यातून चालू होता, दुसरा मी माझ्या टर्मिनलवरून सुरू केला होता. कुकीची फाइल ज्याच्या त्याच्या होम डिरेक्टरीत असते आणि ती नसेल तर अर्लँग स्वतःच यादृच्छिक अक्षरांची नवी फाइल तयार करते, त्यामुळे दोघांकडे दोन वेगळी गुपिते होती आणि तक्रार कोणाचीच नव्हती. म्हणजे, माझ्या बाजूला नव्हती. सेवेचा लॉग उघडला तेव्हा माझ्या प्रत्येक पिंगमागे एक ओळ पडलेली दिसली : जोडणीचा प्रयत्न नाकारला, आव्हानाचे उत्तर चुकीचे, म्हणजेच कुकी जुळली नाही. ‘पँग’ कारण सांगत नाही. ते हाक ऐकणाऱ्याच्या लॉगमध्ये लिहिलेले असते. नोड सुरू करतानाच्या ‘-सेटकुकी’ या पर्यायाने दोन्हीकडे एकच कुकी दिल्यावर पहिल्याच पिंगला ‘पाँग’ आले.